दुपारची बांग

केयूरच्या दुकानात शरीफ नऊ वाजता शिरला, तो साडेदहा झाले तरी बाहेर पडायचं नाव घेईना. काउंटरवर तीन यंत्रं मांडली होती आणि शरीफ त्यांना आळीपाळीने असा निरखत होता, की मुलगी बघायला आलेला मुलगाही इतका निरखत नसेल. आखातात, रुवीतल्या त्या गल्लीत रेडिओपासून इस्त्रीपर्यंत सगळं विकणारा केयूर मूळचा मुलुंडचा. गिऱ्हाईक कितीही चिकट असलं तरी त्याचा आवाज चढत नसे. आज मात्र त्याने दोन वेळा जांभई दाबली.

शरीफला घाई नव्हती असं नाही. दुपारी चारला त्याची बस सुटणार होती. रुसैलच्या कारखान्यात नऊ वर्षं वेल्डिंग केल्यावर कंपनीने त्याला आठ महिन्यांसाठी दुक्मला धाडायचं ठरवलं होतं, आणि दुक्म म्हणजे दुक्मही नाही, तिथून दीड तास आत, वाळवंटातल्या कॅम्पवर. मधे सुट्टी नाही. तिथे राहून आलेला त्याच्या खोलीतला महमूद सांगत होता, की फोनला रेंज येते ती फक्त भटारखान्याच्या मागे, तीही तिची मर्जी असेल तेव्हा. ऊन, धूळ, पत्र्याची खोली, रोजचा तोच डाळभात, हे सगळं शरीफ सोसणार होता. त्याला एकच गोष्ट सोडायची नव्हती. पहाटे बावाची बांग ऐकू आली पाहिजे.

बावा म्हणजे त्याचा बाप, जयगडच्या खाडीवरच्या त्यांच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचा बांगी. चाळीस वर्षं रोज पाच वेळा बांग देत आलेला माणूस. आणि हा माणूस दोन वर्षांत पोराशी एक शब्द बोलला नव्हता.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा शरीफ असाच आत कुठेतरी पाइपलाइनच्या कामावर होता, फोन बंद. मयतीची खबर बावाने स्वतः माइकवरून दिली, स्वतः माती दिली, आणि शरीफला ते कळलं तिसऱ्या दिवशी, पाणी भरायला आलेल्या टँकरवाल्याच्या फोनवरून. तो रडत रडत घरी फोन करत राहिला. बावाने फोन हातात घेतला नाही. बहिणीला, खतिजाला, म्हणाला, "ज्याला माझा आवाज ऐकायचा हाय, त्याला माझी येळ ठाव हाय. पाच येळा बोलतंय मी."

म्हातारा हट्टी, पण बोलला ते खरं करून दाखवणारा. त्यावर तोड काढली ती खतिजाने. त्यांचं घर मशिदीच्या भिंतीला लागून. तिने एक जुना फोन खिडकीत ठेवला, आपल्या पोराकडून त्यावर काहीतरी बसवून घेतलं, आणि पहाटे ती खिडकी उघडली की भोंग्यातली बांग थेट रुसैलच्या खोलीत येऊ लागली. जगातलं असं एकमेव रेडिओ स्टेशन, ज्याला ऐकणारा एकच होता. भारतात सहाला पाच-दहा मिनिटं कमी असताना इथे साडेचार वाजायला आलेले असत. शरीफ दात घासून, कारखान्याची बस यायच्या आत, कानाला फोन लावून बसायचा. बावाचा आवाज चढला, की त्याला वाटायचं, म्हातारा अजून खणखणीत आहे आणि अजून आपल्याशी बोलतोय. दिवसभरच्या चारही बांगांच्या वेळी तो मशीनवर असे. त्याच्या वाट्याला ही एकच होती, पण तिच्यावर त्याचा दिवस निघायचा.

मधे बावाला खोकला झाला होता. बांग देताना दोनदा श्वास तुटायचा. शरीफने गावाला जाणाऱ्या एकाच्या हाती इथल्या निझवा गावचा मध पाठवला. आणि काय सांगावं, गेले अडीच आठवडे खोकला नाही, दम नाही, आवाज पुन्हा पहिल्यासारखा. शरीफने अख्ख्या खोलीला त्या मधाचं कौतुक ऐकवून हैराण केलं होतं. मोहल्ल्यातला कोंबडासुद्धा हल्ली बावाच्या तालावर चालतो, असं तो हसून सांगायचा. बावा बांगेतलं 'हय्या अलल फलाह', भल्याकडे या, हे दुसऱ्यांदा म्हणाला रे म्हणाला, की कोंबडा आरवणारच.

तर काउंटरवरचे तीन रेडिओ.

पहिला उपग्रहाचा. त्याला एक घडीची ताटली होती. ती उघडून आकाशाकडे धरायची, की वाळवंटाच्या मधोमध, नेट नाही न रेंज नाही, तरी शंभर स्टेशनं लागतात. केयूरने ताटली फुटपाथवर ठेवून दाखवली. हिंदी गाणी, अरबी बातम्या, कुराणपठण, सगळं स्वच्छ. शरीफला तो फार आवडला. त्याने विचारलं, की यात आमच्या मोहल्ल्याची मशीद लागेल का. केयूरने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की त्यासाठी खतिजाताईंना आधी उपग्रह भाड्याने घ्यावा लागेल.

दुसरा नेटवर चालणारा. त्यात स्वतःचं सिमकार्ड बसे, वर लांब तारेचा अँटेना, तो उंच बांधला तर जिथे फोन मरतो तिथेही रेंजची एखादी कांडी पकडेल. एखादी. केयूर खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याने सांगितलं, की पकडेल तर हाच पकडेल, पण पकडेलच अशी चिठ्ठी मी लिहून देणार नाही.

तिसरा अगदीच स्वस्त, साबणाच्या वडीएवढा. मेमरी कार्ड घालायचं, भरून ठेवलेलं वाजवायचं. केयूरने सुचवलं, की बहिणीकडून वडिलांची बांग रेकॉर्ड करून मागवा, यात भरा, आठ महिने रोज ऐका, नेटची कटकट नाही.

त्यावर शरीफ भडकला. भरून ठेवलेला आवाज म्हणजे बाप आहे का, म्हणाला. आज बाप उठला की नाही, त्याला उभं राहवलं की नाही, हे त्या वडीत कळणार का? मेल्या माणसाचा आवाजही भरून ठेवता येतो. त्याला ताजी बांग हवी होती, त्या दिवशीची, त्या घटकेची. केयूरने वडी गुपचूप बाजूला सरकवली.

शेवटी शरीफने ठरवलं, नेटवाला घ्यायचा, पण ऐकून. जोहरची, म्हणजे दुपारची, बांग तिकडे एकच्या सुमारास, म्हणजे इथे साडेअकराच्या आसपास. त्याने खतिजाला फोन लावला. खतिजा आधी म्हणाली, नेट नाय. मग म्हणाली, खिडकी अडकलीय. मग म्हणाली, दुपारची कशाला, तू पहाटेचीच ऐक की. शरीफ काकुळतीला आला. चारला बस आहे, एकदा गेलो की बदलून घ्यायला येता येणार नाही, एकदा लाव, पाया पडतो तुझ्या. मग ती म्हणाली, "लावतंय."

साडेअकराला केयूरने तिचं स्टेशन नेटवाल्या रेडिओवर लावून आवाज मोठा केला. दुकानात आलेल्या दोन बायका मिक्सर बघत होत्या, त्याही थांबल्या. आणि बावाचा आवाज आला. फोनच्या चिमुकल्या भोकातून दोन वर्षं ऐकलेला आवाज आज पहिल्यांदा आपल्या खऱ्या मापात आला, भरदार, घोळदार. शरीफचे डोळे भरले. केयूर मान डोलावत होता, आपल्या मालावर खूष होऊन.

बावा 'हय्या अलल फलाह' दुसऱ्यांदा म्हणाला आणि कोंबडा आरवला.

भरदुपारी, बरोबर त्याच जागी. आणि पुढच्याच श्वासाला बावा म्हणाला, 'अस्सलातु खैरुम मिनन नौम.' झोपेपेक्षा नमाज चांगली. हे वाक्य फक्त पहाटेच्या बांगेत असतं. दुपारी कुणी झोपलेलंच नसतं, उठवायचं कुणाला? मोहल्ल्यातलं शाळकरी पोरसुद्धा दुपारच्या बांगेत हे म्हणणार नाही, आणि बावा तर चाळीस वर्षांचा बांगी. मधेच खट् झालं आणि आवाज तुटला. खतिजाचं बोट पोचलं, पण उशिरा पोचलं.

केयूरला यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. त्याने विचारलं, आवाज कसा वाटला, पॅक करू का.

शरीफने त्याला हाताने थांबवलं. तो स्टुलावर बसला. त्याने फोन लावला. तीनदा वाजून बंद झाला. चौथ्या वेळी खतिजाने घेतला. तिच्या रडण्याचा आवाज येत होता.

"हाय का गेला?" शरीफने विचारलं.

"हाय. हाय रे." मग तिने सगळं ओकून टाकलं. अठरा दिवसांपूर्वी पहाटे नमाजाआधी वजूला हातपाय धुताना बावा पडला. उजवं अंग गेलं, जीभ गेली. बांग आता इमामाचा पोरगा देतो. तिच्याकडे गेल्या वर्षी भरून ठेवलेली एकच बांग होती, पहाटेची. तीच ती खिडकी लावून रोज वाजवत होती. "तुला कळलं अस्तं तर तू काम सोडून आला अस्तास. नाय आला अस्तास तर तिकडे कुढत बसला अस्तास. मला दोनी नको होतं."

शरीफला राग आला नाही. त्याला तो मध आठवला, आणि लाज वाटली. अठरा दिवस तो मधाचं कौतुक करत होता आणि बाप अंथरुणात मुका पडला होता. आईच्या वेळी निदान फोन बंद होता. या वेळी फोन चालू होता, तो रोज कान लावून बसला होता, तरी त्याला कळलं नव्हतं. आपण दुसऱ्यांदा चुकलो, आणि आता तिसरी संधी मिळायची नाही, हे त्याला स्वच्छ कळलं.

"बावाच्या कानाला लाव," तो म्हणाला.

"तो घेनार नाय."

"लाव."

खुडबुड झाली. मग श्वास ऐकू आला, जड, घरघरणारा. दोन वर्षांत बाप फोनवर आला नव्हता, आणि आला तो असा. शरीफने हाक मारली. खतिजाने आपली बांग वेळेआधीच वाजवली होती; तिकडे मशिदीत आता खरी सुरू झाली असावी, दूरवरून इमामाच्या पोराचा कोवळा आवाज फोनमध्ये आला. तो ऐकून बावाच्या घशातून एक आवाज निघाला. "अ..." थांबला. पुन्हा, "अ..." जीभ पुढे जाईना. म्हाताऱ्याची वेळ झाली होती आणि त्याला त्याचं काम करायचं होतं.

शरीफने आयुष्यात कधी बांग दिली नव्हती. लहानपणी बावा शिकवायचा तेव्हा तो खाडीवर पळून जायचा. आता तो मिक्सर आणि इस्त्र्यांच्या मधे उभा राहिला, एका हाताने कान झाकला, आणि बावाने 'अ' म्हटलं की पुढचं सगळं तो म्हणू लागला. आवाज फाटत होता. एका ठिकाणी तो चुकला, तर पलीकडून घरघर थांबली, आणि त्याने नीट म्हटल्यावरच पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या 'हय्या अलल फलाह'नंतर तो क्षणभर थांबला, आणि ते पहाटेचं वाक्य न घेता सरळ पुढे गेला. दुपारची बांग, जशी असायला हवी तशी.

दुकानाची एकची सुट्टी अजून लांब होती, तरी केयूरने दाराचं शटर अर्धं खाली ओढलं होतं. त्या दोन बायका कधी निघून गेल्या ते शरीफला कळलं नाही.

खतिजा फोनवर आली. आता बावाचा डोळा लागलाय, म्हणाली, पण डाव्या हाताने फोन सोडत नव्हता, ओढून घ्यावा लागला. शरीफने तिला थांबायला सांगितलं आणि दुसऱ्या सिमवरून सुपरवायझर जाफरला फोन लावला. दुक्मच्या यादीतून माझं नाव काढा, मला घरी जायचंय. जाफर वाईट माणूस नव्हता, पण नियम त्याने केलेले नव्हते. तो म्हणाला, आज बसमध्ये बसला नाहीस तर व्हिसा रद्द, नऊ वर्षं खलास, पुन्हा या कंपनीचं दार नाही. शरीफ म्हणाला, कळलं. घरात चूल कशी पेटणार, आपण पोचेपर्यंत बाप राहणार का, हे मनात आलं तरी त्याने शब्द मागे घेतला नाही.

केयूरने विचारलं, मग यातला कुठला. शरीफने मान हलवली. केयूरने तिन्ही रेडिओ खोक्यात भरले आणि तिकिटं काढणाऱ्या ओळखीच्या माणसाचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला.

फोनवर खतिजा अजून होती. तिने विचारलं, "दुपार कलल्यावर, असरला परत लावू का रे? तो त्याच्या येळेला जागा व्हतंय."

"लाव," शरीफ म्हणाला. "जिथं असेन तिथनं देईन."