ब्रेकवर पाय

इमामसाब, म्हणजे माझे नाना, यांनी सगळी उमर हैदराबाद रोडच्या गॅरेजात ट्रकचे ब्रेक नीट करण्यात घालवली. ब्रेक लागल्याशिवाय त्यांनी एकही गाडी बाहेर सोडली नाही. एकदा वऱ्हाडाचा ट्रक अडवून ठेवला. सकाळचं लग्न संध्याकाळी लागलं. नवरी आजही सलाम करत नाही. अशा माणसाला डॉक्टर श्रावणी म्हणाल्या, "तुमच्या पांढऱ्या पेशींचा ब्रेक काढायचाय."

कॅन्सर झालेली किडनी आधीच काढली होती. आता फुप्फुसात ठिपके उठले होते, आणि त्यासाठी सलाईनमधून नवं औषध द्यायचं होतं.

"अजून काय कापायचं ते कापा," नाना म्हणाले. "ब्रेक काढायचा न्हाय."

"मरायचंय का तुमाला?" नानीनं विचारलं.

"मरीन की. पण ब्रेकसकट."

मी म्हणालो, "नाना, तो खरा ब्रेक नाही."

"मग काढायचा कशाला, आतिफ?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "या पेशी कॅन्सरला मारायला निघतात. पण त्यांनी आपल्याच शरीराला मारू नये म्हणून त्यांना ब्रेक असतो. तो तुमच्या कॅन्सरला सापडलाय. त्यावर पाय देऊन बसलाय तो."

नानांनी चष्मा काढला. "माज्या गाडीत, माज्या ब्रेकवर, त्याचा पाय?"

"हो."

"लायसन हाय त्याला?"

"नाही," डॉक्टर गंभीरपणे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नाना गॅरेजच्या खाकी कपड्यांत आले, पिशवीत दोन दगड घेऊन. ब्रेक खोलण्याआधी चाकाला दगड लावायचा, हा गॅरेजचा कायदा. एक सलाईनच्या स्टँडला लावला, एक पलंगाला. सिस्टर म्हणाली, उचला ते.

"पोरी, ब्रेक तुमी काढा. दगड माजी जबाबदारी."

शेवटी दगड स्पिरिटनं पुसून तिथंच राहिले.

पुढच्या सलाईननंतर नानांच्या पाठीवर पुरळ उठलं. सुटलेल्या पेशी कातडीलाही धडकतात, असं सांगून डॉक्टरांनी मलम दिलं. "फार वाढलं तर औषध थांबवावं लागेल."

"आता कुटं गाडी निघालीय," पाठ दाराच्या चौकटीला घासत नाना म्हणाले. "चालू ठेवा."

पुरळ वाढलं नाही. नव्या स्कॅनमध्ये ठिपके बारीक झाले होते. एक मात्र होता तेवढाच. नानांनी फिल्म खिडकीशी धरली, त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"पाय काढ," ते त्याला म्हणाले. ओरडले नाहीत, गिऱ्हाइकाशी बोलायचा आवाज होता.

मग बाही वर करून पलंगावर आडवे झाले.

"आतिफ, दगड लाव."