योगिनीच्या डोक्याइतकं

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. महाळुंग्याच्या कंपन्यांची पत्र्याची छपरं मागे टाकून तुम्ही डोंगर चढताय. ऐन, पळस, मोई अशी दीडशे झाडं आहेत. आता प्रत्येक झाडाचं जुळं संगणकात आहे असं समजा. संगणकात ऊन वाढवा, पाऊस कमी करा, की चाळीस वर्षांनी जंगलाचं काय होईल ते दिसतं. चिंचवडच्या ऋचाताईची पीएचडी याच विषयावर होती.

त्या जुळ्यांना खऱ्या झाडांचे आकडे लागत. म्हणून दर उन्हाळ्यात ताई खोडांचे घेर मोजायला यायची. मदतीला योगिनी. तिचे वडील ज्योतीराम लातूरकडचे, इथे कंपनीत कामाला. योगिनी टेप गुंडाळून आकडा ओरडायची, ताई खाली बसून मातीची ओल तपासत तो लिहून घ्यायची.

चौथ्या वर्षी संगणक म्हणाला, झाडं वाढायची थांबलीत, चाळीस वर्षांत डोंगर उजाड होणार. ताईचा चेहरा उतरला. महिन्याभरात प्रबंध द्यायचा होता, आणि त्यात हेच लिहावं लागणार होतं.

ते ऐकून योगिनीला दोन दिवस जेवण गेलं नाही. एक गोष्ट फक्त तिलाच माहीत होती. ती सांगितली, तर ताई पुन्हा कधी टेप हातात देणार नाही, असं तिला वाटे. तिसऱ्या दिवशी तिने सांगून टाकलं.

पहिल्या वर्षी ताईने प्रत्येक खोडावर पिवळी खूण केली होती. पुढच्या वर्षी साहेबांची पाहणी होती म्हणून डोंगर दत्तक घेतलेल्या कंपनीने खोडांना छातीपर्यंत गेरू-चुना फासला. खुणा गेल्या, पण जागा आपल्या लक्षात आहे असं योगिनी म्हणाली, म्हणून ताईने नव्या केल्या नाहीत.

"खूण माझ्या डोक्याइतकी होती, हे लक्षात होतं," योगिनी खाली बघत म्हणाली. "म्हणून मी खोडाला पाठ लावून, डोक्यावर हात ठेवून टेप बांधायचे. दर वर्षी."

ताईने तिच्यावर डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवली. आता योगिनी बारा वर्षांची होती. टेप दर वर्षी वर सरकत होता, आणि वर खोड बारीक असतं.

"म्हणजे डोंगर खुंटला नाही," ताई हसत सुटली, "तू वाढलीस!" मग तिने योगिनीचे दोन्ही हात धरले. "तू बोलली नसतीस, तर मी जिवंत जंगलाला मेलेलं ठरवलं असतं. तुझे उपकार कसे फेडू गं?"

योगिनीला रडू आलं. मग तिने विचारलं, आधीचे आकडे फुकट गेले का?

नाही, ताईने समजावलं. खोड वर किती बारीक होतं ते आज मोजता येईल, त्यावरून जुने आकडे दुरुस्त होतील. फक्त कोणत्या वर्षी टेप किती उंचीवर होता, ते कळायला हवं.

योगिनीने क्षणभर विचार केला. शाळेत दर जूनला डॉक्टर येऊन मुलांचं वजन-उंची लिहून घेत. तिने डोळे पुसले, चपला पायात सरकवल्या आणि आपली चार वर्षांची उंची मागायला शाळेकडे धूम ठोकली.