निवडुंग दिसला की ब

चष्मा पुसायचे फडके टेबलाच्या खालच्या खणात असे. ते काढताना मास्तर हात नेहमी डाव्या कडेने आत घालत, कारण उजव्या कडेला ते पाकीट होते. चौदा वर्षांत त्यांनी दोन घरे बदलली, टेबल बदलले, फडकी तर किती बदलली असतील; पाकीट मात्र दर वेळी नव्या खणाच्या उजव्या कडेलाच जाऊन बसले, आणि हात डावीकडून जायचा तो जायचाच.

पाकिटावर नाव नव्हते. ‘उत्तरे लिहिणारे यांस’ एवढेच होते, आणि खाली एका क्लासचा पत्ता. त्या क्लाससाठी मास्तरांनी कधीकाळी एक गाईड लिहून दिले होते. कार्यालयांतले संगणक सांभाळणाऱ्यांची जी परीक्षा असते, तिचे तीनशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय आणि शेवटी उत्तरांची यादी. तेव्हापासून कचेरीत त्यांना मास्तर हे नाव पडले, पण गाईडवर छापले ते क्लासचेच नाव. त्या वेळी ते आठवडाभर घुम्यासारखे वागले होते. पुढे पत्र आले, आणि आपले नाव छापले नाही हे बरेच झाले असे त्यांना वाटले. त्या वाटण्याची किळस त्यांना अजून येत असे.

पत्र एका बाईंचे होते. त्यांनी दोन ओळी लिहून मागितल्या होत्या, महिनाअखेरच्या आत. मास्तरांनी तीनदा कागद घेतला. मग महिना संपला आणि लिहिण्यात अर्थ उरला नाही. मग वर्ष उलटले आणि लिहायला तोंड उरले नाही.

“सापडलं का फडकं? की आजही क्लासला दांडी?” पत्नी खिडकीतल्या निवडुंगाला चमच्याने पाणी घालत होती.

“निघालोच.”

“परीक्षा तुमची आणि पोटात गोळा माझ्या. नापास झालात तर गोदामात बसवणार आहेत, माहिताय ना? खुर्च्या मोजत बसाल.”

“टेबलंही असतात तिथे,” मास्तर म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

वीस वर्षे ते कचेरीतले संगणक सांभाळत होते. आता हुकूम निघाला होता: महिनाअखेर प्रमाणपत्र आणा, नाहीतर गोदाम. छप्पन्नाव्या वर्षी ते रोज संध्याकाळी क्लासला जात होते.

क्लास एका इमारतीच्या तळघरात होता. खाली गालिचा होता आणि त्याला ओल्या कुत्र्यासारखा वास येई. कीबोर्ड उलटा करून झटकला की त्यातून बिस्किटाचा चुरा, केस आणि कुणाचे तरी नख पडे. मास्तरांनी पहिल्या दिवशी तो झटकला आणि दुसऱ्या दिवसापासून झटकायचे सोडले. आत काय आहे हे न कळलेले बरे. माउसवर इतक्या हातांचा मळ बसला होता की तो बोटांना धरून ठेवी. पण या सगळ्यापेक्षा त्यांना शिसारी यायची ती शिकवण्याची.

शिकवणारे सर तिशीचे होते. पेनाच्या टोपणाने कान कोरत आणि तेच टोपण तोंडात धरून विचार करत. त्यांच्याकडे प्रश्नांचा एक गठ्ठा होता. आधी परीक्षेला बसून आलेल्यांनी तो आठवून आठवून उतरवला होता. त्याला सगळे डम्प म्हणत, आणि मास्तरांना तो शब्द अगदी योग्य वाटे.

“समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका,” सर म्हणत. “पाठ करा. पेपर काढणाऱ्यांनी सगळं जुन्या गाईडांमधून उचललंय, उत्तरांसकट. समजून घ्याल तर चुकाल.”

मग सगळे एका सुरात म्हणत. शंभर, ब. एकशे एक, ड. एकशे दोन, अ. चाळीस मोठी माणसे, कुणाचे पोट सुटलेले, कुणाचे केस गेलेले, पाढे म्हणावेत तशी अक्षरे म्हणत. पहिला आठवडाभर मास्तरांनी नुसते ओठ हलवले. दुसऱ्या आठवड्यात आवाज निघू लागला.

त्या संध्याकाळी एकशे सत्तावीस आला.

“हा सोपा आहे,” सर म्हणाले. “वाचायचाच नाही. निवडुंग दिसला की ब. काय?”

“निवडुंग दिसला की ब,” वर्ग म्हणाला.

मास्तरांनी समोरचा कागद जवळ ओढला. ‘एका लेखनिकेच्या संगणकावर निवडुंगाची छोटी कुंडी ठेवलेली आहे. सकाळी लॉगिन केल्यावर तिला रिकामा डेस्कटॉप दिसतो, आणि प्रोफाइल उघडता आले नाही असा संदेश येतो. तुम्ही प्रथम काय कराल?’ शब्दाला शब्द त्यांच्या गाईडमधलाच होता. निवडुंगाचा उत्तराशी काहीच संबंध नव्हता. विद्यार्थी नीट वाचतात का हे पाहण्यासाठी मास्तरांनीच तो मध्ये घातला होता, घरातल्या खिडकीतून उचलून.

ब म्हणजे, खराब झालेले प्रोफाइल, त्या मशीनवरचे तिचे सगळे खातेच, काढून टाकाल. ड म्हणजे, आधी तिच्या फायलींची प्रत दुसरीकडे घेऊन ठेवाल. मास्तरांच्या कचेरीत तेव्हा सगळ्यांच्या फायली सर्व्हरवर, कचेरीच्या मुख्य संगणकावर असत, मशीनवरचे प्रोफाइल काढले तरी कुणाचा केसही वाकडा होत नसे. त्यांनी यादीत बेधडक ब लिहिले. सगळ्या जगातल्या कचेऱ्या आपल्या कचेरीसारख्याच असतात, असे धरून.

पत्र लिहिणाऱ्या बाई एका संशोधन केंद्रात नोकरीला होत्या. तिथे फायली ज्याच्या त्याच्या मशीनवरच होत्या. प्रोफाइल काढले, त्याबरोबर एका वृद्ध संशोधकाच्या सहा वर्षांच्या नोंदी गेल्या. ‘चूक माझीही आहे, मी विचार करायला हवा होता,’ त्यांनी लिहिले होते. ‘पण इथे सर्वांना वाटते की मी मनानेच काहीतरी केले. पुस्तकात असे छापले आहे आणि ते चुकीचे आहे, एवढे दोन ओळींत लिहून द्याल का? चौकशी महिनाअखेरीस आहे.’

मास्तरांनी हात वर केला.

“सर, ते ड आहे.”

“काका, डम्पमध्ये ब आहे.”

“डम्पमध्ये चुकलंय. त्या बाईच्या फायली जातील.”

“कुठल्या बाईच्या?” सरांनी टोपण तोंडातून काढले. “काका, ती बाई खरी नाहीये. प्रश्नातली आहे.”

वर्ग हसला.

“तुम्हाला बरोबर यायचंय की पास व्हायचंय ते ठरवा. ब कुणी लिहिलंय, तर ज्याला कळतं त्याने लिहिलंय. तो काय वेडा होता?”

मास्तरांनी हात खाली घेतला. त्यांच्या शेजारी त्यांच्याच कचेरीतला लांब्या बसत असे. तो वेफर्स खात होता आणि खाऊन झालेली बोटे गालिच्याला पुसत होता. तो जवळ सरकला.

“मास्तर, खरंच ब असतं. मी परवाच केलं ना, नोंदणीतल्या बाईंच्या मशीनवर. रिकामा डेस्कटॉप आला होता. मनात म्हटलं, डम्पमध्ये वाचलेला निवडुंगवाला प्रश्न, म्हणजे ब. पाच मिनिटांत मशीन चालू.”

“आणि फायली?”

“गेल्या. रडल्या थोड्या. म्हटलं, बाई, नियमच आहे तो.”

“त्यांच्या फायली सर्व्हरवर नव्हत्या?”

“सर्व्हर भरलाय म्हणून मशीनवरच ठेवायला सांगितलंय की सगळ्यांना, चार वर्षं झाली. तुम्हीच तर परिपत्रक काढलं होतं.”

घरी आल्यावर मास्तरांनी हात धुतले. पुसले, वास घेतला आणि पुन्हा धुतले.

“किती घासाल? साल निघेल,” पत्नी म्हणाली. त्यांनी नळ बंद केला नाही.

परीक्षेच्या केंद्रात आवाज येऊ नये म्हणून कानांवर लावायला जे हेडफोन दिले होते त्यांचा स्पंज सोलवटून त्याचे काळे कण मानेला चिकटत होते. पेपर त्यांना वाटले होते त्यापेक्षा अवघड गेला. निम्म्या गोष्टी त्यांच्या उमेदीच्या काळात जन्मालाच आल्या नव्हत्या. चव्वेचाळिसावा प्रश्न उघडला आणि त्यात निवडुंग होता. मास्तरांनी ड निवडले. पुढे गेले. शेवटची दोन मिनिटे उरली तेव्हा त्यांनी मनाशी हिशेब केला, सत्तर गुण लागतात, किती खात्रीचे आहेत, किती अंदाजाचे. मग ते चव्वेचाळीसवर परत आले आणि ड काढून ब केले. हात थरथरला नाही. त्यांना नंतर राहून राहून आठवत राहिले ते हेच. निदान थरथरायला तरी हवा होता.

निकाल तिथल्या तिथे पडद्यावर आला. शंभरापैकी चौऱ्याहत्तर. एक प्रश्न चुकला असता तरी ते पास झाले असते.

दुसऱ्या दिवशी लांब्याने त्यांच्या टेबलावर प्रमाणपत्राची छापील प्रत आणून ठेवली. तिच्या कोपऱ्यावर तेलकट अंगठा उमटला होता.

“फ्रेम करा मास्तर. गोदाम वाचलं.”

दुपारी नोंदणीतल्या बाई आल्या. चाळिशीच्या, नेहमी घाईत चालणाऱ्या, पण आज दारातच थांबल्या.

“पास झालात म्हणे. बरं झालं हो.”

“बसा.”

“बसत नाही. साहेबांनी खुलासा मागितलाय माझ्याकडे. तीन वर्षांची सूची मी पुसली असं त्यांचं म्हणणं. मी तर त्या दिवशी नुसतं मशीन चालू केलं होतं. लांब्याला विचारलं तर म्हणतो नियम आहे. कसला नियम, तेही धड सांगत नाही.” त्या हातातल्या नोटिशीची घडी घालत आणि उलगडत होत्या. “मास्तर, तुम्हाला यातलं कळतं. तुम्ही दोन ओळी लिहून द्याल का मला? साहेबांना दाखवायला?”

मास्तरांनी चष्मा काढला. पुसायला फडके नव्हते. त्यांनी तो तसाच पुन्हा घातला, खण उघडून कोरा कागद घेतला आणि लिहायला सुरुवात केली. मध्ये एकदा थांबून तारीख घातली, परिपत्रकाचा क्रमांक घातला. खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि सही.

बाईंनी उभ्यानेच वाचले. मग खुर्चीत बसल्या आणि पुन्हा वाचले.

“ते गाईड तुम्ही लिहिलंय?”

“हो.”

“आणि परीक्षेत तुम्हीही हेच…”

“हो. तेही लिहिलंय खाली.”

“अहो, हे साहेबांना दाखवलं तर तुमचं प्रमाणपत्र राहील का? गोदामात टाकतील तुम्हाला.”

“दाखवा,” मास्तर म्हणाले. “आणि ते मशीन बंद करून ठेवा. कुणाला हात लावू देऊ नका. संध्याकाळी बसून बघतो, काही निघतं का ते. वचन नाही देत.”

बाई गेल्यावर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. सगळ्याला मिळून चार मिनिटे लागली होती.

सूची एक तृतीयांश निघाली. बाकीची निघाली नाही. दोन दिवसांनी, सकाळी, मास्तरांनी टेबलाचा खालचा खण उघडला आणि हात उजव्या कडेने आत घातला. पाकिटाच्या कडा मऊ पडल्या होत्या. पत्र त्यांनी बसून वाचले. आजवर ते एकदाच वाचले होते, तेही उभ्याने.

पत्नी येऊन मागे उभी राहिली. टेबलावरचे जुने पाकीट तिने ओळखले, कारण दोन्ही वेळा घर हलवताना खण तिनेच भरला होता. खिडकीतला निवडुंग तिने उन्हात सरकवला.

मास्तरांनी लिहिले: ‘आपल्या पत्राला चौदा वर्षे झाली. त्या पुस्तकातल्या निवडुंगाच्या प्रश्नाचे उत्तर चुकीचे आहे. ते मी लिहिले. आपण पुस्तकात छापल्याप्रमाणेच केले होते. हे आपण कोणालाही दाखवू शकता.’ एवढ्यावर थांबावे असे त्यांना वाटले. मग त्यांनी आणखी लिहिले: ‘नुकताच मी त्याच परीक्षेला बसलो. हा प्रश्न आला. मी पुन्हा तेच उत्तर दिले आणि पास झालो.’ क्षमा हा शब्द त्यांनी एकदा लिहिला आणि खोडला, कारण तो वाचल्यावर बाईंना काहीतरी म्हणावे लागले असते.

टपाल कचेरीतल्या कारकुनाने पाकीट उलटेसुलटे केले.

“मागे पाठवणाऱ्याचं नाव नाही.”

“लागतंच का?”

“रजिस्टर करताय ना? आणि पत्ता बघा की, रस्त्याचं जुनंच नाव आहे. बाई तिथे नसल्या तर परत कुणाकडे पाठवू?”

काचेखालच्या फटीतून पाकीट परत आले. दोरीला बांधलेले पेन कुणीतरी चावलेले होते. मास्तरांनी ते तसेच हातात घेतले आणि पाकिटाच्या मागे आपले पूर्ण नाव लिहिले. खाली घराचा पत्ता. मग तो सगळा मजकूर सुकेपर्यंत थांबले आणि पाकीट आत सरकवले.

कारकुनाने नाव वाचले नाही. त्याने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकले.