नवरदेव खुडले

फुलामागचा दुधी करंगळीच्या पेराएवढा होता. त्याच्यावरची पांढरी लव अजून ताठ उभी होती आणि पाकळ्यांची टोकं नुकती सुटायला लागली होती.

सुकेशनी गुडघ्यांवर बसून पाहत राहिली. गंगाखेडजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि सरजाबाईंच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. गच्चीवर तिची वांगी, मिरच्या, पालक, लिंबू, सगळं बादल्या-डब्यांत. जमिनीत काही लावायचं नाही. बदली झाली की उचलून नेता आलं पाहिजे, हा तिचा नियम. दुधीला मात्र तिनं निळा ड्रम अर्धा कापून दिला होता. वेलानं सगळा मांडव व्यापला, पण एक फळ धरेल तर शपथ! बाळदुधी यायचे, पिवळे पडायचे, गळायचे. शेणखत घालून झालं, ताक शिंपडून झालं.

"काय बगायलीस गं एवढं?" पदराची ओटी सावरत सरजाबाई वर आल्या.

"मावशी, वेलावर नर फुलंच दिसत नाहीत. खरं तर आधी तीच येतात."

"नर का काय ते मला ठाव न्हाई. पन ज्याच्या बुडाला फळ न्हाई, ती वांझोटी फुलं म्या रोज खुडायलेय. फुकटचं खातेत!" त्यांनी अभिमानानं ओटी उघडली. आत लांब देठांच्या मिटलेल्या कळ्या सुकून पडल्या होत्या.

सुकेशनीनं कपाळावर हात मारला. "तीच नर फुलं, मावशी! त्यांचे पराग लागल्याशिवाय फळ धरत नाही."

सरजाबाईंनी ओटीतल्या कळ्यांकडे पाहिलं. मग तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "आगं माय! म्हंजे सगळे नवरदेवच खुडले की म्या!"

दोघी हसून हसून दमल्या.

"मंग मागव की एखादा," डोळे पुसत सरजाबाई म्हणाल्या. "सिद्धोधनकडं तुज्याच बियांचा येल हाय न्हवं?"

सुकेशनी हसायची थांबली. सिद्धोधन एसटी आगारात लिपिक. संक्रांतीच्या सुमारास त्यानं तिला सरळ लग्नाचं विचारलं होतं. "विचार करून सांगते," ती म्हणाली होती. त्यानंतर तिनं त्याला बिया दिल्या, मिरच्या दिल्या, उत्तर तेवढं दिलं नाही. माणूस आवडत नव्हता असं नाही. घोळ तोच होता. उचलून नेता येणार नाही असं तिनं आजवर काहीच केलं नव्हतं.

"आन् बिगीनं मागव. उद्या ताडकळसचे पाव्हणे यायलेत त्याच्याकडं. त्याच्या ताईनं बोलावलेत. पोरगी नर्स हाय म्हनं."

सुकेशनीनं फुलाकडे पाहिलं. हे फूल आजच्या संध्याकाळपुरतंच. तिनं फोन लावला.

"फूल?" पलीकडून सिद्धोधनचा गोंधळलेला आवाज. "कोनतं?"

"नर. लांब देठाचं."

"दोन आनू का?"

"आणा दोन."

थोड्याच वेळात मोटारसायकल वाजली. "जय भीम, मावशी," म्हणत तो डबा सांभाळत जिना चढला. डब्यात ओल्या फडक्यावर दोन पांढरी फुलं होती.

"लोक गुलाब आनतेत," सरजाबाई म्हणाल्या, "ह्यो भोपळ्याचं आनायलाय!"

सुकेशनीनं एका फुलाच्या पाकळ्या काढल्या. मधला पिवळा भाग उमललेल्या मादी फुलात हलकेच टेकवून फिरवला. सिद्धोधन श्वास रोखून पाहत होता.

"झालं?"

"दोन-तीन दिवसांत कळेल. धरलं तर वाढायला लागेल."

"म्हंजे थांबायचं." तो हसला. "मला सवय हाय थांबायची. पन आमची ताई थांबना."

सरजाबाईंनी ओटीतली एक सुकी कळी उचलली, तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि नुसत्याच खाकरल्या.

सुकेशनीनं परागांचं पिवळं बोट पदराला पुसलं. निकाल हाती आल्याशिवाय काही बोलायचं नाही, हीही तिची सवयच. पण समोरच्या फुलानं निकालाची वाट पाहिली नव्हती. ते वेळेवर उघडलं, एवढंच.

"ताईंना फोन लावा," ती म्हणाली. "ताडकळसच्या पाहुण्यांना नको म्हणून कळवा. मी तुमच्याशी लग्न करणार आहे."