उचलायला चौघं

सामान हलवणाऱ्या कंपनीचं दरपत्रक हातात पडलं आणि माझे डोळे पांढरे झाले. गाडीचे वेगळे, खोकी बांधायचे वेगळे, काचेच्या वस्तूंचे वेगळे, आणि लिफ्ट नाही म्हणून मजल्यामागे जादा आकार. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे एकतीस वर्षं जो जिना मी फुकटात चढलो-उतरलो, त्याचे पैसे जाता जाता वसूल. सगळं मिळून दोन महिन्यांची पेन्शन.

“मग घ्या की कपाट खांद्यावर,” ही म्हणाली. हिचे गुडघे गेले म्हणूनच आम्ही लेकीच्या शेजारी तळमजल्यावर राहायला निघालो होतो, त्यामुळे मी कंपनीला होकार कळवला. पण आतून धुसफुसत राहिलो.

कारण आयुष्यात मी सामान हलवायला कधी दमडी मोजली नव्हती. छापखान्याच्या बांधणी खात्यात आम्ही चौघं होतो. मास्तर, जाड्या, पैलवान आणि मी. यातला पैलवान नावाचाच, फुंकर मारली तर उडेल असा. आमचा ठराव होता की चौघांपैकी कुणीही घर बदललं की बाकीच्या तिघांनी रजा टाकायची आणि छापखान्याची कागदाची गाडी मागून आणायची. सगळेच भाड्याच्या घरात, त्यामुळे दर वर्षा-दोन वर्षांनी कुणाचं ना कुणाचं बिऱ्हाड निघायचंच. मास्तर जिन्यात हुकूम सोडायचे, जाड्या प्रत्येक वळणावर बसकण मारायचा. एकदा मास्तरांच्या सासूबाईंचं कपाट रिकामं न करताच उचललं, तर अर्ध्या जिन्यात त्याचं दार उघडलं आणि त्यांच्या चपला आमच्या आधी तळमजल्यावर पोचल्या. सासूबाई आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत.

शेवटी नव्या घरात, उघड्या फरशीवर बसून चहा. कप कुठल्या खोक्यात आहेत ते कुणाला ठाऊक नसायचं, म्हणून एकच वाटी फिरायची. तसा चहा मी पुन्हा प्यायलो नाही. त्या दिवसांची फार आठवण येते, खोटं कशाला बोलू.

मग जाड्या गेला. पुढच्या वर्षी मास्तर गेले. मास्तरांना जाऊन दोन महिने झाले असतील, पैलवानाचा फोन आला.

“शनिवारी घर बदलतोय. येशील ना?”

“पाठ धरलीय रे,” मी म्हणालो. पाठ ठणठणीत होती. वर सल्लाही दिला, “कंपनी बघ एखादी.”

त्याने कंपनी बघितली. याला आता पाच वर्षं झाली. फोनवर बोलणं व्हायचं, पण हवापाण्याचं. त्याला कोणत्या तोंडाने सांगणार होतो की आता मी घर हलवतोय? मी सांगितलंच नाही.

हिने सांगितलं.

निघायच्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. कंपनीची माणसं असतील म्हणून दार उघडलं, तर समोर पैलवान. सत्तरी ओलांडलेला, तीन मजले चढून धापा टाकतोय, आणि खांद्यावर दोराचं वेटोळं.

“कुठून सुरुवात करायची?” त्याने विचारलं.

मागोमाग कंपनीची चार माणसं आणि सुपरवायझर आला. पैलवानाने कपाटाला हात घालताच सुपरवायझर धावला. “काका, हात लावू नका. काही झालं तर विमा मिळत नाही.” पैलवान निमूटपणे भिंतीशी जाऊन उभा राहिला.

दोन तासांत आमचा संसार खोक्यांत गेला. माणसं कामाला चोख, नावं ठेवायला जागा नाही. कुणी ओरडत नव्हतं, कुणाचं बोट चेंगरत नव्हतं. मला मात्र घर हलतंय असं वाटतच नव्हतं.

राहिलं ते बाल्कनीतलं लाकडी टेबल. कंपनीचा माणूस पाहणीला आला तेव्हा टेबलावर चादर आणि कुंड्या होत्या, आणि मी ते दाखवायलाच विसरलो होतो.

“हे यादीत नाही,” सुपरवायझर म्हणाला. “न्यायचं तर जादा पडतील. तीन मजल्यांचे.”

“राहू द्या. हे आम्ही नेतो,” मी म्हणालो.

त्याने लगेच एका कागदावर माझी सही घेतली. इजा झाल्यास कंपनी जबाबदार नाही. पैलवानाने तोवर बाह्या सारल्या होत्या.

दुसऱ्या मजल्यापर्यंत आलो आणि दोघांचाही दम संपला. टेबल टेकवून आम्ही पायरीवर बसलो. आता नाही बोललो तर या जन्मात बोलणार नाही, असं मला वाटलं.

“त्या वेळी माझी पाठ दुखत नव्हती.”

“माहितीये,” तो म्हणाला. “त्याच संध्याकाळी बाजारात तू बटाट्याचं पोतं उचलताना आमच्या हिला दिसलास.”

पाच वर्षं! आणि एका शब्दाने बोलला नाही.

“मग आज आलास कशाला?”

“तू आधी सांग. का नाही आलास?”

खरं कारण मी घरीही सांगितलं नव्हतं. “मास्तर नाहीत, जाड्या नाही. कपाटाला चार कोपरे आणि धरायला आपण दोघं. मला ते बघवलं नसतं रे.”

तो रुमालाने मान पुसत राहिला.

“आणि मला बघवलं?” तो म्हणाला. “कंपनीची माणसं म्हणाली, आजोबा, बाजूला व्हा. झालो. दिवसभर एकटा बाजूला उभा होतो. तू नुसता शेजारी येऊन उभा राहिला असतास तरी चाललं असतं. कपाट उचल असं कोण म्हणत होतं तुला?”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

“चुकलो,” मी म्हणालो.

“चुकलासच.” तो उठला आणि टेबलाची खालच्या पायरीकडची बाजू धरायला वाकला. मी त्याला वरच्या बाजूला सारलं आणि स्वतः दोन पायऱ्या खाली जाऊन उभा राहिलो, कारण उतरताना सगळं वजन खालच्यावर येतं. तो ‘हं’ म्हणाला आणि आम्ही उचललं.