सातवी पिशवी

तिने पिवळ्या विमानात डोकं घालून पाहिलं. एक खुर्ची, एक पट्टा, एक दांडा आणि पुढे दोन पावलं मावतील एवढीच जागा. हातातली पिशवी ठेवायची म्हटली तरी मांडीवर घ्यावी लागली असती. तिने डोकं बाहेर काढलं आणि उगीचच काचेवरची धूळ रुमालाने पुसली.

“एकट्या माणसाला फर्स्टक्लास आहे, काकू,” मेकॅनिक म्हणाला. तो स्टुलावर बसून प्लग साफ करत होता. “पंख दुमडतात. एका हाताने ओढलं की बाहेर. काकांना तेच सांगतोय मी. ते पांढरं, दोन खुर्च्यांचं, म्हणजे म्हातारी म्हैस. दोघांनी ढकलल्याशिवाय जागची हलत नाही.”

“मग ते काय म्हणाले?”

“काका कधी काही म्हणतात का? ऐकून घेतात. आज दुपारपर्यंत सांगतो म्हणालेत. इकडे पिवळ्याचे मालक माझ्या डोक्यावर बसलेत. घेता का नाही, सांगा म्हणून.”

विमानांच्या शेडच्या, हँगरच्या, उघड्या दारातून दूरची घरघर आत आली. पांढरं विमान मैदानाच्या टोकाशी वळत होतं. इतक्या लांबून ते दोऱ्याला बांधल्यासारखं दिसत होतं. आत तिचा नवरा होता. गेल्या मंगळवारी त्याची परीक्षा झाली होती आणि तो पास झाला होता. ही बातमी त्याने तिला चपला काढता काढता, दूधवाला आला नाही हे सांगावं तशी सांगितली होती.

चाळीस वर्षं तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. दुकानादुकानांतून हिंडून काटे तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची. निवृत्त झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात सकाळच्या चहाला म्हणाला, “मी विमान चालवायला शिकतो. लहान असतात, हौसेची.”

ती इतकी वर्षं त्या निवृत्तीची वाट पाहत होती. आता हा माणूस दुपारचा घरी असेल, दोघं मिळून कुठे जाऊ, कुठे नाही. आणि ह्याला पंधरा दिवसांत घर खायला उठलं. त्या रागात ती म्हणाली, “शिका की. मला मात्र त्यात बसवायचं नाव काढू नका.”

“बरं,” तो म्हणाला.

त्याचं ‘बरं’ म्हणजे दगडावरची रेघ. आठ महिन्यांत त्याने खरंच नाव काढलं नव्हतं. आठवड्यातून तीनदा तो पहाटे उठून जायचा, दुपारी उन्हाने लाल होऊन यायचा आणि जेवताना वाऱ्याबद्दल बोलायचा. ती वाढत राहायची. एकदा तरी तो विचारेल, आपण जरा आढेवेढे घेऊ आणि मग हो म्हणू, असं तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं. त्याने विचारलं नाही. आता तो दोन विमानांतून एक घेणार होता, आणि एक खुर्चीचं घेतलं तर विचारण्याचा प्रश्नच संपला.

लग्न झालं तेव्हा त्याच्याकडे सायकल होती. ऑफिसातून आला की तिला कॅरियरवर बसवून तलावापर्यंत न्यायचा. डबलसीटला मनाई होती, म्हणून चौकातला पोलीस दिसायच्या आधी दोघं उतरायची, साळसूद चेहऱ्याने त्याच्यासमोरून चालत जायची आणि वळणापलीकडे पुन्हा बसायची. तलावाच्या अलीकडे एक चढ होता. तिथे त्याचा श्वास फुलायचा, शर्ट पाठीला चिकटायचा. “उतरू का?” ती दर वेळी विचारायची. “बस,” तो दर वेळी म्हणायचा. त्या चढावर तो तिला कधी उतर म्हणाला नाही.

“आज छान उतरवतील बघा,” मागून आवाज आला. ही त्याला शिकवणारी. वय जेमतेम तीस, पण सगळं मैदान तिला मास्तरीण म्हणायचं, आणि तीही त्या नावाला ओ द्यायची. “वारा बाजूचा आहे, पण काका नाक सरळ ठेवतात. आमची तरुण पोरं घाई करतात. काका एकेक किलो मोजून हात हलवतात.”

“एकेक किलो?”

“अहो काकू, ह्या विमानांत वजनाचाच सगळा खेळ. ह्या दाराशी काटा ठेवलाय ना, त्यावर उभं राहिल्याशिवाय मी कुणाला बसू देत नाही. लोक थापा मारतात हो. एक गृहस्थ सत्तर म्हणाले, निघाले ऐंशीचे. धावपट्टी संपत आली तरी विमान उठेना. कुंपणाशी जाऊन थांबलं. मीच होते शेजारी. तेव्हापासून मी कुणाच्या शब्दावर जात नाही.”

काटा जुन्या पद्धतीचा होता, धान्याच्या गोदामात असतो तसा. खाली लोखंडी पाट आणि वर घड्याळासारखी मोठी तबकडी. तिने त्याच्यापासून दोन पावलं लांबून वाट काढली.

पांढरं विमान खाली आलं. चाकं गवताला टेकली, एकदा हलकेच उडाली, पुन्हा टेकली आणि धावू लागली. तिने मुठीत धरलेला रुमाल सोडला. विमान हँगरसमोर येऊन थांबलं, पंखा दोन गचके खाऊन बंद पडला. नवरा डाव्या दाराने उतरला, तिच्याकडे पाहून मान हलवली आणि उड्डाणाची वही भरायला पलीकडच्या खोलीत गेला. काम आधी, माणसं मग. ही त्याची जुनी रीत.

“आधी काकूंना उतरवा, मग ढकलू,” मेकॅनिक आतून ओरडला.

“मी चढलेच कुठे?” ती म्हणाली.

मेकॅनिकने जीभ चावली. मास्तरीण हसू दाबत विमानाच्या उजव्या दाराशी गेली. “तुम्ही मनावर घेऊ नका हं. ह्यांना आम्ही काकू म्हणतो.”

उजव्या खुर्चीत जाड ताडपत्रीच्या पिशव्या एकावर एक रचून पट्ट्यांनी करकचून बांधल्या होत्या. तिने त्या लगेच ओळखल्या. हिवाळ्यात त्याने जुनी ताडपत्री आणून टाकली होती. “ह्याच्या पिशव्या शिवून दे. सहा सारख्या. सातवी लहान कर.” कशाला, तर म्हणे लागतील. बागेत माती भरायला असतील असं समजून तिने दुहेरी टीप मारून दिल्या होत्या. चौथ्या पिशवीला तपकिरी दोरा संपला, म्हणून पुढच्या हिरव्या दोऱ्याने शिवल्या. तोच हिरवा दोरा आता तिच्यासमोर होता.

“वाळू आहे,” मास्तरीण पट्टे सोडवत म्हणाली. “मी शेजारून उतरले, काकांना एकटं सोडलं, त्या दिवसापासून ते हे घेऊनच उडतात. परीक्षेआधी माणूस बसवता येत नाही ना. मला म्हणाले, एकट्याने चालवायची सवय मला लावूनच घ्यायची नाही. शेजारी वजन हवं. चार महिने झाले. दर सोमवारी पुन्हा तोलतात, वाळू ओल धरते म्हणून.”

“कुणाचं वजन?” तिने विचारलं, तरी तिला कळलं होतं.

मास्तरीण हसली आणि तिने शेवटचा पट्टा सोडवला.

आठ महिने छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी अलगद उचलून घ्यावं तसं झालं. ते पुरतं खाली ठेवलं जायच्या आत तिला दुसरंच आठवलं.

पिशव्यांच्या आधी चार दिवस, ती कपडे वाळत घालत असताना त्याने विचारलं होतं, “तुझं वजन किती गं?” ती चटकन “अठ्ठावन्न” म्हणाली होती. अठ्ठावन्न तिचं वजन होतं, पण ते धाकट्याच्या लग्नात. त्यानंतर दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चौसष्ट लिहिलं होतं आणि तिने तो कागद कपाटात तळाशी घातला होता. सहा किलो. चार महिने हा माणूस त्या अठ्ठावन्नावर हात बसवत होता. एकेक किलो मोजून. तिला कुंपण दिसलं.

“द्या, मी नेते आत,” ती म्हणाली.

“जड आहेत, काकू.”

“जड आहेत ते माहीत आहे मला.”

तिने पहिली पिशवी छातीशी धरून आत नेली आणि फळीवर ठेवली. त्यावर नवऱ्याच्या ठसठशीत अक्षरात आकडा होता. दहा. दुसरी दहा. तिसरी, चौथी. कसं सांगायचं ते ती ठरवत होती. हसत सांगावं, की सरळ सांगावं? पाचवी दहा. आता उरलेल्या दोन मिळून आठाच्या असणार. तिने सहावी उचलली. ती दहाच होती.

ती थांबली. सातवी लहान पिशवी खुर्चीच्या कोपऱ्यात राहिली होती. हिरवा दोरा आणि त्यावर आकडा, चार.

तिने ती उचलली नाही. दाराला टेकून पुन्हा बेरीज केली. साधी बेरीज होती, तरी दोनदा केली.

नवरा वही भरून आला तेव्हा ती बाकावर बसली होती. थर्मासमधला चहा तिने दोन कपांत ओतला होता आणि दोन्ही तिच्याच हातात होते.

“मी तुम्हाला अठ्ठावन्न सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“मग?”

त्याने कप घेतला. “चाळीस वर्षं काटा मारणारे पकडले. घरचाच सुटेल?”

“पण आकडा कसा कळला? कपाट उघडलंत?”

“कपाट कशाला? मागल्या वर्षी पाय मुरगळला तुझा. दोन जिने खाली कुणी उचलून नेलं होतं?”

तिला ते जिने आठवले. त्याच्या कानामागचा घाम, आणि मधल्या वळणावर त्याने क्षणभर थांबून घेतलेला श्वास. तेव्हा तिला वाटलं होतं, दमला.

“म्हणजे तुम्ही तेव्हा माझं वजन करत होतात?”

“सवय,” तो म्हणाला. आणि कप हातात फिरवत, “अर्धा किलो इकडेतिकडे असेल.”

“आणि विचारलं का नाहीत मला? एका शब्दाने?”

“नाव काढू नका म्हणाली होतीस.”

“आणि मी शेवटपर्यंत काही बोललेच नसते तर?”

“पिवळं घेतलं असतं. वाळू बागेत टाकली असती.”

हे तो इतक्या शांतपणे म्हणाला की तिला हसू आलं, आणि हसताना डोळे पुसावे लागले. त्याने चहावर फुंकर घातली. एवढं बोलणं त्याला आठवडाभर पुरलं असतं.

“काका,” मेकॅनिक स्टुलावरून म्हणाला, “काय ठरलं मग? पिवळ्याच्या मालकांना फोन करायचाय मला.”

नवरा कपातला चहा संपवू लागला. तो आता काही म्हणणार नाही हे तिला समजलं. त्याच्या वाटणीचं तो चार महिने बोलला होता.

तिने कप बाकावर ठेवला, चपला काढल्या आणि ती काट्यावर चढली.

“अगं, चपला घाल,” तो म्हणाला. “वर जाताना काय काढून ठेवणार आहेस?”

ती उतरली, चपला घातल्या आणि पुन्हा चढली. लोखंडी पाट खडखडला. मास्तरीण वही घेऊन आली. मेकॅनिकने प्लग खाली ठेवले. आणि उभ्या आयुष्यात काट्यावरून कधी नजर न हटवलेला तो माणूस वळला, दारात गेला आणि त्यांच्याकडे पाठ करून वाऱ्याची दिशा पाहत उभा राहिला.

काटा थरथरला आणि थांबला. मास्तरणीने आकडा लिहून घेतला, मोठ्याने वाचला नाही. मेकॅनिक उठला आणि त्याने पिवळ्या विमानावर कापड ओढलं.

“उतरू का?” तिने विचारलं.

तिने मास्तरणीला विचारलं होतं. उत्तर दारातून आलं.

“उतर,” तो पाठमोराच म्हणाला. “आणि बस.”