मधली छत्री बोलतेय

मी मधली बोलतेय. मधली म्हणजे तीन बहिणींतली मधली. आणि छत्री म्हटल्यावर पावसात डोक्यावर धरायची आणि दुकानात विसरून यायची छत्री डोळ्यांपुढे आणू नका. विमानातून उडी मारलेल्या माणसाला धरून खाली आणते, ती मी. मला आजवर कुणी विसरून गेलेलं नाही. एवढा मान बाकीच्या छत्र्यांच्या नशिबी नाही, हे त्यांनाही मान्य आहे.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. लांब टेबलं, शिवणयंत्रांचा खडखडाट आणि नाकावर चष्मा घसरलेल्या बाया. माझं कापड ओल्या साबणासारखं निसटतं. "नीट बस गं बाई!" असं दटावतच त्या मला शिवायच्या. वरून एक कापड, खालून एक कापड, मधे पातळ भिंती आणि त्यांतून झालेले कप्पे. प्रत्येक कप्प्याचं तोंड पुढून उघडं. त्या तोंडांतून वारा आत शिरतो, मी फुगून ताठ होते आणि माझा पंख होतो. म्हणजे मी नुसती लोंबकळत खाली येत नाही, मी उडते. हे सांगायची संधी मी सोडत नाही.

तिथून मी आले विमानतळाशेजारच्या एका दुकानात. दुकानदार काका स्वतः जुने उडीबहाद्दर. गुडघ्याला पट्टा, आवाज खणखणीत, आणि कपाटाच्या एका खणात आम्ही तिघी. या लोकांची रीत अशी की, उडी मारून पाहिल्याशिवाय कुणी छत्री विकत घेत नाही. दोन दिवस न्यायची, वरून खाली येऊन बघायचं, परत आणून द्यायची. आम्ही तिघी त्या चाचणीच्या छत्र्या. हात भरपूर लागले, घर एकही मिळालं नाही.

आता बहिणींबद्दल सांगते. थोरली रुंद, जवळजवळ चौकोनी, स्वभावाने संथ. वळवायच्या दोरीची डावी मूठ ओढली की आधी विचार करते, मग वळते. उतरणाऱ्याने काही चूक केली तरी पोटात घालते. धाकटी इवलीशी, दोन्ही टोकांना निमुळती, आत जादा भिंती घातल्यामुळे सदा ताठ. तिला नुसती सूचना पुरते. माणसाने मान वळवायचा अवकाश, ही वळून, नाक खाली करून सुसाटसुद्धा निघालेली. उतरताना गवताला पाय टेकू टेकू म्हणत केवढी तरी लांब धावते. बघणाऱ्यांना ती फार आवडते. दुरून डोंगर साजरे.

आणि मी मधली. थोरलीचं शहाणपण थोडं, धाकटीची धाव थोडी. उतरून आलेले लोक थोरलीला म्हणायचे, "काय शांत आहे!" धाकटीला म्हणायचे, "काय पळते!" आणि मला खणात ठेवताना म्हणायचे, "ही पण बरी आहे." हे 'पण' मी इतक्यांदा ऐकलंय की वाटायचं, माझ्या शिलाईतच ते कुणीतरी टाचून ठेवलंय.

बरं, यांच्या बोलण्यावर विसंबावं तर तेही अवघड. एकदा एक जोडपं मला आळीपाळीने घेऊन गेलं. नवरा म्हणे, "वारा प्यायल्यासारखी पळते." बायको म्हणे, "छे, गरीब गाय आहे, हलतच नाही." भांडत भांडत दुकानात आले. काकांनी दोघांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दोघंही खरंच बोलताय," ते म्हणाले, "फक्त वजनकाट्यावर उभं राहून बोला." माझ्याखाली जेवढं वजन जास्त, तेवढी मी वेगाने पळते, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पण नवरा त्यानंतर दुकानात फिरकला नाही.

अशात एके दिवशी दातबाई आल्या. दातांच्या डॉक्टर, म्हणून सगळ्यांनी ठेवलेलं हे नाव. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघायची त्यांना सवय. त्यांनी मला टेबलावर पसरलं आणि माझ्या एकेका कप्प्याच्या तोंडात बोट घालून तपासलं. मला वाटलं, आता म्हणतील, "थुंका."

बाई जरा लंगडत होत्या. जुन्या उडीबहाद्दरच त्या, पण गेल्या वर्षी धाकटीसारख्याच एका चपळ छत्रीखाली जमिनीजवळ वळण घ्यायला गेल्या. वळण संपायच्या आधी जमीन आली. घोटा मोडला. वर्षभर घरात बसणं झालं. आता पुन्हा उडायचं होतं आणि त्यासाठी नवी छत्री निवडायची होती.

सोबत त्यांचे यजमान होते. ते मास्तर, गाणं शिकवणारे. दिवा बदलायला स्टुलावर चढायचं तरी ते शेजाऱ्यांना बोलावतात. बायको ढगांतून उड्या मारते, आणि हे गवतावर सतरंजी टाकून बसतात, बाजूला कॉफीचा थर्मास. बाई स्वतःच्या पायांनी चालत सतरंजीपर्यंत आल्याशिवाय ते थर्मासचं झाकण काढत नाहीत. गेल्या वर्षी बाईंना उचलून नेलं, त्या दिवशी ते झाकण उघडलंच नव्हतं.

"माझा शब्द आहे त्यांना," बाईंनी काकांना सांगितलं. "या खेपेला पाय दुखावला तर उडणं कायमचं बंद. म्हणून छत्री नीट निवडायचीय."

"मग आमची थोरली न्या."

"तिघींना घेऊन उडते, मग सांगते."

"धाकटीला पण?" काकांच्या कपाळावर आठ्या. "तिच्याखाली वळणं वरच काय ती घ्यायची. खाली सरळ यायचं. कबूल?"

"कबूल."

पहिल्या दिवशी सकाळी वारा बिलकूल नव्हता. थोरलीखाली बाई उतरल्या आणि चार पावलं धावून थांबल्या. "ठीक आहे," म्हणाल्या. मग माझी पाळी. जमीन जवळ आली की दोन्ही मुठी ओढायच्या असतात. पण एकदम नाही. आधी अर्ध्या, म्हणजे मी खाली जाणं थांबवून सपाट उडू लागते. मग हळूहळू पुऱ्या, म्हणजे वेग संपतो आणि पाय अलगद टेकतात. बाईंनी उशीर केला आणि दोन्ही मुठी घाबरून एकदम ओढल्या. आम्ही दोघी बसूनच उतरलो, धूळ उडवत. पाय शाबूत राहिला. पँटचं मात्र काही खरं नव्हतं. मास्तर अर्धे उठले होते, ते परत बसले.

दुपारी समोरून चांगला वारा सुटला आणि धाकटीची पाळी आली. ती अशी अलगद उतरली की बाईंना पाऊलही उचलावं लागलं नाही. जिथे टेकल्या तिथेच उभ्या.

"हीच!" त्या ओरडल्या. "मला हीच हवी!"

मास्तरांनी झाकण काढलं, पण नजर धाकटीवरच होती. कॉफी कपात कमी आणि सतरंजीवर जास्त पडली. मी खणात पडून म्हणत होते, झालं. धाकटीचं तर काय, ती फुगून बसली होती, तेही कप्प्यांत वारा नसताना.

काकांना सांगायला म्हणून बाई दुकानाच्या दाराशी आल्या आणि तिथेच थबकल्या. मैदानाच्या कडेला खांबावर वारा दाखवणारी केशरी पिशवी असते. सकाळी ती ओल्या मोज्यासारखी लोंबत होती. आता ती फुगून आडवी ताठ उभी होती. बाईंनी पिशवीकडे पाहिलं, मग धाकटीकडे, मग स्वतःच्या घोट्याकडे.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "मी छत्र्यांची तुलना करतच नव्हते. मी वाऱ्याची करत होते."

समोरून वारा असला की जमिनीवरचा वेग कमी होतो आणि कुणीही अलगद उतरतं. त्या वाऱ्यात थोरलीने तर त्यांना फुलासारखं ठेवलं असतं. ही चूक नवख्याची नाही. नवख्याला नुसती पडायचीच धास्ती असते, तो तुलना कशाला करतोय? ही चूक त्यांचीच, ज्यांना उतरण्याची गोडी लागलेली असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शांत हवा. या वेळी बाईंनी डोकं ठिकाणावर ठेवून काम केलं. खूप उंचावर असतानाच प्रत्येकीखाली एक पूर्ण वळण घ्यायचं आणि त्या वळणाने किती उंची खाल्ली ते मनगटावरच्या यंत्रात बघायचं. थोरलीने थोडी खाल्ली. मी तिच्याहून जास्त. धाकटीने मात्र घास नव्हे, ताटच रिकामं केलं. नंतर धाकटीच आम्हाला सांगत होती की, बाईंनी वरच ते यंत्र दोनदा बघितलं. आपला घोटा गेल्या वर्षी कुठे गेला, ते त्यांना तिथे कळलं.

धाकटीला घेऊन त्या काकांना दिलेला शब्द पाळून सरळच खाली आल्या. पण वारा नव्हता. धावल्या, अजून धावल्या, पाय पुरे पडेनात तशी कोलांटी घेतली आणि उताण्या पडल्या. मास्तर उभेच राहिले. मग गवतातून हसण्याचा आवाज आला. बाई उठल्या, केसांतलं गवत काढत सतरंजीपर्यंत चालत गेल्या आणि मगच झाकण निघालं.

थोरलीखाली त्या आरामात उभ्या उतरल्या. माझ्याखालीही उभ्याच उतरल्या, पण मुठी पुन्हा एकदम ओढल्या. मी त्यांना घेऊन जराशी वर गेले आणि मग टपकन ठेवलं. त्यात माझा दोष नव्हता. त्यांच्या हातांना अजून धीर नव्हता, आणि हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"थोरली द्या," त्या काकांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, थोपटलं आणि म्हणाल्या, "ही पण बरी आहे."

घ्या! म्हणजे इथेही तेच. मला रडू आलं असतं, पण माझ्या कापडातून काही बाहेर झिरपत नाही. खरं सांगायचं तर बाईंनी योग्य तेच केलं. मला त्या हव्या होत्या, पण मोडक्या घोट्याच्या नको होत्या.

थोरली गेली. मी येणाऱ्याजाणाऱ्यांना उडवत राहिले, 'पण' ऐकत राहिले. खणासमोरच्या खिडकीतून मैदान दिसायचं. बाई थोरलीखाली येताना मी बघायचे. आधी त्यांचे हात घाईत असत. मग हळूहळू ते मधे थांबायला शिकले. अर्धे, मग पुरे. सावकाश, जसं पाहिजे तसं.

पुढचा हंगाम निम्मा सरला आणि एके दिवशी दुकानात मास्तर आले. एकटेच. टोपी हातात घेऊन हे बघ, ते बघ करू लागले.

"मास्तर, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?" काका म्हणाले. "काय हवंय?"

"हिची छत्री हल्ली... मागे पडतेय हो हिच्या." मास्तर अडखळत म्हणाले. "मला त्यातलं काही कळत नाही. पण लय कळते. हिचे हात आता बरोबर समेवर येतात आणि छत्री नंतर येते. रोज बघतो ना मी. हिला थांबावं लागतं छत्रीसाठी."

"मग बाई का नाही आल्या?"

"ती मागणार नाही. पाय जपायचा शब्द दिलाय ना मला."

"आणि तुम्ही?"

"शब्द मला दिलाय," मास्तर म्हणाले, "तर त्यातून सोडवायलाही मीच यायला पाहिजे."

काकांनी खणाकडे पाहिलं. मग गंमत म्हणून म्हणाले, "धाकटी दाखवू?"

"अहो, एवढा शूर नाही झालो मी!" मास्तर दचकून म्हणाले. त्यांनी खणाशी येऊन माझ्यावर हात ठेवला. "ही," ते म्हणाले. "हीच."

मी नीट ऐकलं. मागे नाही, पुढे नाही, कुठेच 'पण' नव्हतं.

मास्तरांनी मला खांद्यावर टाकून घरी नेलं, वाटेत दोनदा पाडलं, कारण मी निसटते. बाईंनी दार उघडलं, आधी मला पाहिलं, मग मास्तरांच्या तोंडाकडे. या वेळी दात बघत नव्हत्या.

"तुम्ही आणलीत?"

"दुखत असेल कुठे तर सांग. आत्ता परत नेतो."

बाईंनी मला त्यांच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतलं.

आमची पहिली उडी मी मुद्दाम शांत हवेची मागितली असती, ती मागायच्या आधीच मिळाली. केशरी पिशवी खांबावर निपचित लोंबत होती. जे काही व्हायचं ते आम्हा दोघींनाच करायचं होतं. बाईंनी वर वळणं घेऊन माझी विचारपूस केली, मी उत्तरं दिली. मग सरळ मैदानाकडे. गवत धावत आलं. हात अर्ध्यावर आले आणि थांबले. मी सपाट झाले, गवताच्या शेंड्यांवरून लांब, शांत पळत राहिले. मग हात हळूच पुरे खाली आले. बाईंचे पाय टेकले आणि त्या चालू लागल्या, जशा कुणी गाडीतून उतरून चालावं.

पण ते सांगायला मी बोलत नाहीये. सांगायचंय ते त्याच्या जरा आधीचं. आम्ही अजून हवेतच होतो, पाय टेकायचे होते, काहीही होऊ शकलं असतं. मी खाली सतरंजीकडे पाहिलं. थर्मासचं झाकण बाजूला पडलं होतं. कप भरलेला होता, आणि त्यातून वाफ येत होती.

"लवकर ये गं," मास्तर खालून ओरडत होते, "कॉफी निवतेय!"

आता मी त्यांच्या कपाटात असते, हिवाळ्याच्या कोटांशेजारी. कोट फार गंभीर आहेत, पण जमवून घेते. सुट्टीचा दिवस जवळ आला की बाई मला बाहेर काढतात, दोऱ्या तपासतात, घडी घालतात आणि मास्तर थर्मास विसळतात. तुम्हीही कधी काही निवडायला निघालात, तर खांबावरची पिशवी आधी बघा, एवढंच सांगते. आणि निवड झाल्यावर मधलीला ठेवताना जरा जपून बोला. आम्हाला सगळं ऐकू येतं.

विसळण्याचा आवाज येतोय. निघते मी.